काळ्यात काळं : ईव्हीची केबल आणि पोर्ट रात्री दिसेल असं कसं करायचं

ईव्हीची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाडीची, चार्जिंगची केबल बनवणाऱ्यांना काळ्या रंगाचं एवढं काय वेड आहे, देव जाणे. केबल काळी, प्लगची मूठ काळी, गाडीचं सॉकेट, म्हणजे पोर्ट, काळं आणि त्यावरचं रबरी टोपणही काळंच. शोरूमच्या लखलखाटात ते झकास दिसतं. रात्री उशिरा घरी आल्यावर मात्र एका हातात फोन, दुसऱ्या हातात मूठ आणि समोर नुसता काळोख. मूठ उलटसुलट फिरवून पाहायची, सॉकेटच्या कडेला ओरखडे उठवायचे आणि मध्येच लटकत आलेलं टोपण कोपराने बाजूला सारायचं, असा तो सगळा खेळ.

मी नाटकांची प्रकाशयोजना सांभाळते, म्हणजे उजेडाइतकंच अंधाराचंही काम माझ्याकडे असतं. ब्लॅकआउटमध्ये सेट बदलणारं कुणी पायरीवरून पडू नये, टेबल नेमक्या खुणेवर यावं, विंगेतल्या वायरीत कुणाचा पाय अडकू नये, आणि हे सगळं प्रेक्षकांना काही न दिसता व्हावं. त्यामुळे ईव्ही घरी आल्यावर तिच्या चार्जिंगच्या जागेकडे मी विंगेकडे पाहावं तसंच पाहिलं.

धंद्यातली एक सवय इथे फार कामी येते. कुठलीही पट्टी चिकटवण्याआधी विचारायचं : ही बघणार कोण, आणि त्या क्षणी त्याच्याकडे उजेड कुठला? चार्जिंगच्या जागी बघणारे तिघं असतात आणि तिघांचा उजेड वेगळा. प्लग लावणारा हातभर अंतरावर असतो, त्याच्याकडे टॉर्च असते, निदान फोन तरी. केबल ओलांडून जाणाऱ्याकडे बहुतेकदा काहीच नसतं. आमचे बाबा पहाटे अंधारातच फिरायला निघतात. टॉर्च पुढे केली तर म्हणतात, "अगं, रोजची वाट आहे, मला काय उजेड दाखवतेस!" साठीतल्या माणसाच्या डोळ्यात, आतल्या पडद्यापर्यंत, विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, बाहुली लहान झालेली असते आणि भिंग पिवळसर. पण हे बाबांना कोण सांगणार. तिसरा बघणारा म्हणजे गाडी आत घेणारा किंवा वळवणारा. त्याच्याकडे हेडलाइट आहेत, लक्ष मात्र केबलकडे नाही.

या तिघांना एकच पट्टी पुरत नाही. लोक एक रोल आणतात, केबलला या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळतात आणि मग म्हणतात, काही उपयोग नाही हो. उपयोग कसा होणार?

पट्टी कुठली आहे, ते आधी ओळखा

सरसकट 'रेडियम' म्हणून जे मिळतं त्यात रेडियम नावालाही नसतं. त्यात अगदी वेगळ्या दोन वस्तू एकाच नावाखाली येतात. एक परावर्तक, म्हणजे रिफ्लेक्टिव्ह पट्टी. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा प्लॅस्टिकचे इवलेसे लोलक असतात आणि उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेला तो परत पाठवणं एवढंच त्यांचं काम. तिचा स्वतःचा उजेड शून्य. दुसरी ग्लो पट्टी. तिच्यात उजेड साठवून नंतर हळूहळू सोडणारं रंगद्रव्य असतं. चांगल्या पट्टीत ते स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असतं, युरोपियम आणि डिस्प्रोशियम किंचित मिसळलेलं. जपानच्या नेमोतो कंपनीने १९९३ मध्ये ते शोधून काढलं. त्याआधीच्या झिंक सल्फाइडच्या पट्ट्या फार लवकर मावळायच्या, आणि स्वस्तातल्या खेळण्यांवर, स्टिकरांवर तेच अजूनही सापडतं.

या दोघींच्या जोडीला भडक पोपटी किंवा भगव्या रंगाच्या फ्लुओरोसंट पट्ट्या ठेवलेल्या असतात. दिवसा आणि तिन्हीसांजेला त्या डोळ्यांत भरतात, पण पूर्ण अंधार पडला की त्यांच्यात आणि साध्या रंगात काही फरक उरत नाही. रात्रीसाठी त्या घेऊ नका.

ओळखायची रीत सोपी आहे. तुकडा ट्यूबलाइटखाली पाचेक मिनिटं ठेवा, मग दिवा बंद करून दार लावून घ्या. तुकडा आपणहून हिरवट दिसला तर ग्लो. नाही दिसला, तर फोनची टॉर्च गालाला टेकवून डोळ्याच्या शेजारी धरा आणि तुकड्यावर मारा. भक्कन उजळला तर परावर्तक. आता तीच टॉर्च हात खाली नेऊन कमरेपाशी धरा. पट्टी विझल्यासारखी होईल.

हा कमरेपाशी विझण्याचा भाग नीट समजून घ्या, कारण बरीचशी निराशा तिथेच जन्मते. परतणारा उजेड अगदी अरुंद झोतात येतो, एक-दोन अंशांच्या बाहेर डोळा गेला की तो झपाट्याने कमी होतो. पट्टीपासून पाच मीटरवर उभं राहून टॉर्च डोळ्यांच्या साठ सेंटिमीटर खाली धरली की कोन सात अंशांच्या जवळ जातो, म्हणजे झोत तुमच्या हाताकडे परत आला आणि डोळे वरच राहिले. कपाळावर बांधायचा हेडलॅम्प असेल तर हा प्रश्नच येत नाही. समोरून येणाऱ्या गाडीचंही जमतं, कारण पंधरा-वीस मीटरवरून हेडलाइट आणि ड्रायव्हरचे डोळे एकमेकांच्या पुरेसे जवळ पडतात. रिव्हर्स घेताना मात्र दिवा गाडीच्या शेपटाला आणि डोळे पुढच्या सीटवर, आरशात. तिथे परावर्तक पट्टीवर भिस्त ठेवू नका. मागचा कॅमेरा असेल तर त्यात ती बऱ्यापैकी दिसते, कारण कॅमेरा दिव्यांच्या जवळच असतो.

ग्लोची तऱ्हा वेगळी. तिला आधी खायला घालावं लागतं. निळा आणि अतिनील उजेड तिला मानवतो. पांढऱ्या एलईडीत आणि फोनच्या टॉर्चमध्ये निळा भाग भरपूर असतो, त्यामुळे तीस-चाळीस सेकंदांत ती बरीच भरते. पिवळसर दिव्याखाली सावकाश भरते आणि लाल दिव्याखाली भरतच नाही. आमच्याकडे प्रयोगाआधी कुणीतरी टॉर्च घेऊन सगळ्या ग्लो खुणांवरून एक फेरी मारतं, ती याचसाठी. वेष्टनावर 'दहा तास चमकते' असं लिहिलेलं असतं, ते खोटं नाही, पण ते अंधाराला पूर्ण सरावलेल्या डोळ्यांचं मोजमाप आहे आणि डोळे तसे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. गाडीतून उतरलेल्या माणसाच्या डोळ्यांत अजून डॅशबोर्डच्या स्क्रीनचा उजेड असतो. शिवाय पट्टीची चमक सुरुवातीला फार भराभर उतरते. दहाव्या मिनिटाला जेवढी असते, त्याच्या सहाव्या-सातव्या भागावर ती तासाभरात येते. चांगल्या पट्टीवर हे दोन्ही आकडे मिलीकँडेला प्रति चौरस मीटर या चमक मोजायच्या एककात छापलेले असतात. घेताना तासाभराचा आकडा पाहा, पहिल्या आकड्याने दिपून जाऊ नका.

आता खरी गोम. केबल दिवसभर डिकीत असेल तर तिच्यावरची ग्लो पट्टी रात्री बाहेर काढताना रिकामीच असते. सॉकेट तर गाडीच्या झाकणाआड, त्याला कधीच ऊन लागत नाही. म्हणजे ज्या दोन ठिकाणी लोक हौसेने ग्लो लावतात, नेमक्या त्याच दोन ठिकाणी ती उपाशी. ग्लो लावायची ती दिवसभर उजेडात असणाऱ्या वस्तूंवर : भिंतीवरचा चार्जर जिथे आहे ती चौकट, मूठ अडकवायचा हुक, आणि कायम बाहेर राहणारी केबल. झाकणाआड लावायचीच असेल तर किल्लीच्या जुडग्यात ३९५ नॅनोमीटरची छोटी यूव्ही टॉर्च ठेवा. दोन-तीन सेकंद मारली की पट्टी लख्ख. ती टॉर्च डोळ्यांवर मारायची नाही, आणि मुलांच्या हाती तर अजिबात द्यायची नाही.

रंगाचंही एक सांगून टाकते. अंधारात आपला डोळा हिरव्या-निळ्याकडे झुकतो, साधारण ५०७ नॅनोमीटरला तो सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि लाल त्याला जवळजवळ काळाच दिसतो. लाल पट्टी म्हणजे धोक्याची, म्हणून ती लावायची, हा विचार दिवसाचा आहे. रात्रीसाठी पांढरा, पिवळट हिरवा किंवा निळसर हिरवा. मला विचाराल तर सगळ्यांत कमी लेखलेली वस्तू म्हणजे साधी पांढरी मॅट चिकटपट्टी. लांबच्या खांबाचा उजेड, शेजारच्या खिडकीतला उजेड, चांदणं, मिळेल त्यावर ती दिसते आणि तिला कुणी चार्ज करावं लागत नाही.

पोर्ट

सुरुवात झाकणाच्या बाहेरून करा. अनेक गाड्यांचं झाकण एका कोपऱ्यात दाबून उघडतं आणि अंधारात तो कोपरा सापडत नाही. तिथे गाडीच्याच रंगाच्या जवळचा, नखाएवढा परावर्तक ठिपका पुरतो. काळ्या रंगातही परावर्तक पट्टी मिळते. दिवसा ती जाणवत नाही आणि टॉर्च पडली की पांढरी उजळते. दिसणं बिघडेल म्हणून कुरकुरणारं घरात कुणी असेल तर हा त्यावरचा उतारा.

झाकण उघडल्यावर आत एक वाटीसारखा खोलगट प्लॅस्टिकचा भाग असतो आणि त्याच्या मध्यभागी सॉकेट. पट्टी लावायची ती फक्त या वाटीच्या तळाला आणि कडांना. सॉकेटच्या ज्या कडेवरून प्लग आत सरकतो तिला हात लावायचा नाही. तिथली फट इतकी काटेकोर असते की पातळ विनाइलही अडतं. पिनांच्या जवळ काही नको. रबरी सील, कुलपाची पिन ज्या भोकातून बाहेर येते ते भोक, चार्जिंगची स्थिती दाखवणारा दिवा आणि तळाशी पाणी निघून जायची बारीक भोकं, हे सगळं मोकळं राहिलं पाहिजे. पाण्याची भोकं विशेषतः, कारण ती झाकली तर पावसाचं पाणी वाटीत साचून राहील.

वाटीत आठ-दहा मिलिमीटर रुंदीची पांढरी मॅट विनाइलची कडी बसवा. काळ्या सॉकेटभोवती पांढरं कडं आलं की सॉकेटचा आकार आपोआप उठून दिसतो. मग झाकणाच्या आतल्या बाजूला तसाच पांढरा मोठा तुकडा लावा. याचं कारण ऐका. टॉर्च सरळ सॉकेटवर मारली की पिना चकाकतात आणि मुठीची सावली नेमकी भोकांवर पडते. टॉर्च उघड्या झाकणाच्या पांढऱ्या भागावर मारा. तिथून उजेड मऊ होऊन सॉकेटभर पसरतो, सावली जवळजवळ नाहीशी होते. चेहऱ्यावर कडक सावल्या नको असतील तेव्हा आम्ही दिवा पांढऱ्या थर्माकोलवर मारतो, तीच ही युक्ती. झाकण बाजूला किंवा वर उघडत असेल तर छान जमतं. काही गाड्यांचं झाकण आत सरकून गायब होतं, त्यांना हा मार्ग नाही.

आता दिशा. टाइप २ या प्रकारचा एसी चार्जिंगचा प्लग गोल असला तरी त्याची वरची बाजू सपाट असते आणि तो एकाच पद्धतीने बसतो. सात पिना : तीन फेजच्या, एक न्यूट्रल, एक अर्थची आणि गाडी व चार्जर यांच्यातल्या बोलण्यासाठीच्या दोन छोट्या. अंधारात तो कसा धरायचा हे पिना मोजून कोण ठरवणार? म्हणून वाटीत, सॉकेटच्या बरोबर वर, घड्याळात बारा असतात त्या जागी एक पांढरी उभी रेघ मारा, आणि मुठीच्या पाठीवर तशीच एक. रेघेसमोर रेघ आणली की प्लग बसलाच. सीसीएस २, म्हणजे टाइप २ च्याच खाली जलद डीसी चार्जिंगच्या पिना जोडलेलं सॉकेट, असेल तर खालच्या दोन जाड डीसी पिनांना वेगळं टोपण असतं आणि घरच्या एसी चार्जिंगला ते काढायची गरज नसते. त्या टोपणाच्या शेंडीला ठिपका लावून ठेवला की घरात दुसरं कुणी ते उगाच उपटत नाही.

थ्रीडी प्रिंटर असणारे लोक सॉकेटभोवती बसणाऱ्या ग्लो कड्या छापतात. छापा, हरकत नाही. पण पीएलए हे प्लॅस्टिक वापरू नका. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, आणि उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याआड तेवढं तापमान होणं अशक्य नाही. एएसए किंवा पीईटीजी घ्या. ग्लोचं फिलामेंट, म्हणजे छपाईची प्लॅस्टिकची तार, प्रिंटरचं पितळी नोझल खरवडून खातं, तेव्हा कडक पोलादी नोझल लावा.

मूठ आणि केबल

मुठीवर पाठीची रेघ आणि तोंडाच्या मागे एक अरुंद कडं, एवढं भरपूर झालं. बोटं जिथे पकडतात तिथे पट्टी लावली तर ती आठवडाभरात गोळा होते आणि हाताला चिकट लागते. बटण असेल तर बटणावर नको, बटणाच्या शेजारी. अनुक्रमांकाचं आणि क्षमतेचं लेबल झाकू नका; वॉरंटीसाठी कधी केबल पाठवावी लागली तर तेच पहिल्यांदा विचारतात. प्लगचं टोपण दोरीला लोंबत असतं, त्यालाही पांढरा ठिपका द्या, म्हणजे चार्जिंग झाल्यावर ते लावायचं आठवतं.

केबलला कडी लावायची, अंतराअंतराने. पूर्ण गुंडाळायची नाही, याची कारणं दोन. पहिलं, ३२ अँपिअरवर चालणारी केबल कोमट होते आणि ती उष्णता बाहेर पडायला हवी. चार-पाच सेंटिमीटरच्या कड्यांनी काही बिघडत नाही, पण जाड फोमचं किंवा रबराचं वेष्टन अख्ख्या केबलवर चढवणं वेगळी गोष्ट. (चार्जिंग चालू असताना केबलचं वेटोळं एकावर एक रचून ठेवू नये, त्यामागेही हेच.) दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. झाकलेल्या केबलवरची चीर दिसत नाही. गाडीचं चाक वरून गेलं, उंदराने कुरतडलं, गेटच्या फटीत चेपली, हे सगळं उघड्या काळ्या आवरणावर दिसायला हवं. आणि चीर दिसली तर तिच्यावर पट्टी लावायची नाही, केबल बदलायची.

केबल आधी साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवा. अर्थातच दोन्ही टोकं काढलेली असताना. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी यातलं काहीही आवरणाला लावू नका, प्लॅस्टिक मऊ पडतं. कडी अर्ध्या मीटरच्या अंतराने. माणसाचं पाऊल साधारण त्याच्या आसपास पडतं, त्यामुळे केबल कुठेही ओलांडली तरी एक कडं पायाजवळ येतंच. पाच मीटरच्या केबलला नऊ-दहा कडी लागतात. मुठीला केबल जिथे जोडते तिथला लवचीक गळा मोकळा सोडा. तो सतत वाकतो, त्यावर काहीच टिकत नाही.

परावर्तक पट्टी घेताना कापडी किंवा मऊ, काचेच्या मण्यांची घ्या. लोलकांची पट्टी उजेड जास्त परतवते पण ताठ असते, आणि पंधरा मिलिमीटर जाडीच्या केबलवर तिच्या कडा उचलायला लागतात. अशा केबलचा घेर सत्तेचाळीस मिलिमीटरच्या आसपास भरतो, तेव्हा सात सेंटिमीटरचा तुकडा कापा, म्हणजे दोनेक सेंटिमीटर पट्टीवर पट्टी येते. पट्टी स्वतःवर जेवढी घट्ट बसते तेवढी केबलच्या आवरणावर बसत नाही, म्हणून ही दोन सेंटिमीटर सोडू नका. चारही कोपरे कात्रीने गोल करा. टोकदार कोपरा जमिनीवर घासला की आधी तोच सुटतो, मग त्याला माती चिकटते, आणि मग तो सगळीच पट्टी घेऊन जातो. लावताना पट्टी ताणू नका. ताणलेली पट्टी रात्रीतून आखडते. चिकटल्यावर एक दिवस केबल तशीच पडू द्या.

त्या परावर्तक कड्याला लागूनच पांढरं किंवा ग्लो कडं. इथे मी गोंदाची पट्टी वापरत नाही. उन्हात गोंद वितळून बाजूने बाहेर येतो, त्यावर धूळ बसते आणि केबल हातात घ्यावीशी वाटत नाही. त्याऐवजी स्वतःलाच चिकटणारी सिलिकोनची टेप घ्या. तिला गोंद नसतो. दुपटीइतकी ताणायची, प्रत्येक वळसा आधीच्या वळशावर अर्धा चढवायचा, आणि शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर न ताणता नुसते दाबून बसवायचे. काही तासांत ती एकजीव होते. काढायची झाली तर ब्लेड केबलला लावू नका, नखाने टोक उचकटून सोलून काढा. ग्लोच्या पट्टीला पाठीमागे पांढरा थर आहे ना ते पाहा, नाहीतर काळी केबल अर्धा उजेड गिळून टाकते. आणि ग्लो रंग ब्रशने केबलवर फासायचा मोह आवरा. केबल पहिल्यांदा वाकली की त्याला भेगा पडतात, आणि नीट आवरण नसलेलं हे रंगद्रव्य ओलाव्याने खराब होतं.

गॅफर टेपचं, म्हणजे रंगमंचावरच्या कापडी चिकटपट्टीचं, विचारतील, कारण नाटकवाले म्हटलं की तीच आठवते. जमिनीवरून जाणारी केबल चुटकीसरशी दाबायला तिला तोड नाही, आणि ती केबलच्या लांबीने लावायची असते, आडवे तुकडे मारून नाही. पण ती एका प्रयोगापुरती. महिनाभर उन्हात ठेवली की तिचाही चिकटा मागे राहतो.

दिवा आणि भिंत

काळ्या वस्तूवर उजेड वाढवत नेण्यापेक्षा तिच्या मागचा पडदा फिका करणं स्वस्त पडतं. चार्जर आणि हुक ज्या भिंतीवर आहेत तिथे साधारण मीटरभर चौकोन मॅट पांढरा रंगवा. मूठ हुकावर आहे की खाली लोंबतेय, केबल नीट गुंडाळलीय की नाही, हे दुरूनच त्या पांढऱ्यावरच्या आकृतीवरून कळतं. चार्जरच्या पेटीवर मात्र रंग किंवा स्टिकर नको. तिला उष्णता बाहेर टाकायची असते आणि तिचे दिवे दिसायला हवेत. हुकाच्या कडेला ग्लो. दिवसा उजेड मिळतो, त्यामुळे संध्याकाळी ती भरलेली असते.

दिवा लावायचा तर हालचालीवर लागणारा, जमिनीपासून दोन-अडीच मीटरवर. त्यातला पीआयआर सेन्सर उष्ण शरीर आपल्यासमोरून आडवं गेलं की चटकन ओळखतो, सरळ आपल्याकडे चालत आलं तर उशिरा. म्हणून सेन्सर गाडीच्या दाराकडे तोंड करून न लावता असा लावा की दारातून पोर्टकडे जाताना तुम्ही त्याच्यासमोरून आडवे जाल. काचेआडून तो काम करत नाही. गरम रात्री हवेचं आणि अंगाचं तापमान जवळ आलं की त्याची पोच कमी होते. तेव्हा दिवा बिघडला म्हणून तो बदलायला निघू नका.

दिव्याची जागा पोर्टच्या बाजूला, तुमच्या पाठीमागे कधीच नाही. पाठीमागचा दिवा म्हणजे सॉकेटवर तुमचीच सावली. आणि झोत खाली वळवलेला असू द्या. डोळ्यांत घुसणारा प्रखर दिवा लागला की पोर्ट दिसतो पण चार पावलांवरची पायरी दिसेनाशी होते, आणि दिवा विझल्यावर तर काहीच दिसत नाही. अशा जागी थोडा आणि नेमका उजेड चांगला. एलईडीची माळ केबललाच गुंडाळायची कल्पना अनेकांना सुचते. ती वायर वेगळी, तिची बॅटरी वेगळी, आणि तीच पायात येते. नकोच.

केबल ओलांडावीच लागू नये अशी गाडी लावता येते का, हे मात्र या सगळ्याच्या आधी पाहा. गाडी उलटी लावून पोर्ट भिंतीकडे आला की अर्धं काम तिथेच संपतं. लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर केबल टाकायची नाही. पट्टी लावली म्हणून ती अडखळण्याची जागा राहत नाही असं थोडंच आहे. स्वतःच्या आवारातली वाट टाळता येत नसेल तर केबलवर उताराचं रबरी आच्छादन टाका, आणि पांढऱ्या-ग्लोच्या पट्ट्या त्याच्या दोन्ही कडांना लावा. पाय अडतो तो कडेला, मधल्या भागाला नाही. बाबांनी हे आच्छादन पहिल्या दिवशी काठीने ठोकून पाहिलं आणि "बरंय" म्हणाले, तेवढ्यावर मी समाधानी आहे.

देखभाल फारशी नाही. महिन्यातून एकदा केबल ओल्या फडक्याने पुसताना प्रत्येक कड्यावरून बोट फिरवा. चिखलाचा थर बसला की परावर्तक पट्टी निम्मीही उजळत नाही, आणि उघड्या मण्यांची असेल तर ओली असतानाही मंद पडते, त्यामुळे पावसाळ्यात तिच्याकडून फार अपेक्षा नको. तेव्हा पांढरं कडंच कामाला येतं. एखादं कडं तपकिरी पडलेलं किंवा सुरकुतलेलं दिसलं तर ते काढून खालचं आवरण तपासा. मुठीच्या तोंडाजवळचं कडं असं दिसलं तर चार्जिंग थांबवा आणि पिना काळवंडल्यात का ते पाहा. ढिला संपर्क तापतो, आणि त्याची खूण कधी कधी पट्टीवर आधी उमटते.